शहाद्याच्या आसमंतांतील सहली

सुटी जवळ आली कीं शहरांतील बहुतेक घरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो,—“यंदा कोठें जावयाचें?” प्रश्न दरवर्षीं नवा आणि उत्तर दरवर्षीं जुनें. महाबळेश्वर, माथेरान, नाहीं तर समुद्रकांठचें एखादें नांवाजलेलें गांव. तेथें गेलेल्या कुटुंबानें शहर सोडलेलें असतें. परंतु शहर त्यास सोडीत नाहीं. तींच उपाहारगृहें, तोच बाजार, आणि दैव अनुकूल असेल तर शेजारच्या खोलींत घरचेच शेजारी! हवा पालटते एवढें खरें. हवेबरोबर दृष्टीहि थोडी पालटावी असें ज्यांस वाटत असेल, त्यांच्यासाठीं महाराष्ट्राच्या अगदीं वायव्य कोपऱ्यांत एक मुलूख आहे.

त्या मुलखाचें नांव नंदुरबार जिल्हा. पूर्वीं तो पश्चिम खानदेशांत मोडे, पुढें धुळें जिल्ह्यांत गणला जाई, आणि १ जुलै १९९८ पासून तो स्वतंत्र जिल्हा झाला. शहादा हें त्यांतील तालुक्याचें गांव गोमाई नदीच्या कांठीं वसलेलें आहे. दक्षिणेस तापी, उत्तरेस सातपुड्याची भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे नर्मदा. गोदावरी, भीमा, कृष्णा या महाराष्ट्रांतील मोठ्या नद्या पूर्वेकडे धांवतात. या दोघी मात्र पश्चिमेची वाट धरून गुजरातेंत समुद्रास मिळतात. या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यांत, शहाद्यास मुक्काम ठेवून, आठ दिवसांत काय पाहतां येईल त्याचा हा आराखडा.

शहाद्यास रेल्वे नाहीं. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबार अथवा दोंडाईचें येथें उतरून पुढें मोटारीनें जावें लागतें. नंदुरबारास उतरणाऱ्यानें पुढच्या मोटारीची घाई करूं नये. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं याच गांवांत मुलांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि हातांतील तिरंगा न सोडतां शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा पडला. त्यास सोळावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे आणखी चौघे गेले. गांवांत त्यांचें स्मारक आहे. मुलांना घेऊन निघालेल्या आईबापांनीं तेथें थोडा वेळ थांबावें. इतिहासाच्या पुस्तकांतील एक ओळ तेथें आपल्याच मुलाएवढी होऊन समोर उभी राहते.

हिवाळ्यांत येणाऱ्यास नंदुरबाराबाहेर आणखी एक देखावा दिसतो. मोकळ्या जमिनीवर दूरवर तांबडी लाल मिरची वाळत पसरलेली असते. या जागेस तेथें ‘पथारी’ म्हणतात. दुरून पाहणाऱ्यास तो लाल गालिचा वाटतो. जवळ गेल्यावर ठसका लागतो, डोळ्यांस पाणी येतें, आणि त्या गालिच्यावर बसून मिरची निवडणाऱ्या बाया दिसूं लागतात. नाकातोंडावर फडकें बांधून त्या दिवसभर तेथेंच असतात. या मुलखांतील प्रत्येक प्रेक्षणीय वस्तूचें थोडेंफार असेंच आहे. दुरून एक दिसतें, जवळून दुसरें. सहलीस निघालेल्यानें हें पहिल्याच दिवशीं ध्यानांत घेतलें तर पुढचे दिवस फुकट जात नाहींत.

मुक्कामाविषयीं दोन शब्द. शहाद्यांत उतरण्याची सोय होते. पण ज्यांचा कोणी आप्त अथवा स्नेही तेथें शेतकरी असेल त्यांनीं मळ्यांतील घर सोडूं नये. तापीच्या खोऱ्यांतील ही जमीन काळी, खोल आणि कसदार. ऊंस, कापूस, केळी आणि पपई हीं येथील मुख्य पिकें. मळ्यांतील घर म्हणजे बंगला नव्हे. दोन खोल्या, पुढें ओटा, ओट्यासमोर कडुलिंबाचें झाड आणि झाडाखालीं दोन खाटा, एवढाच थाट. शहरी माणसाची पहिली रात्र तेथें बरी जात नाहीं. पाणी उपसण्याच्या यंत्राचा आवाज, रातकिडे, आणि कशावर भुंकतात तें न कळणारीं कुत्रीं! दुसऱ्या रात्रीं मात्र झोंप अशी लागते कीं उन्हें अंगावर आल्यावरच जाग यावी. न्याहारीस कळण्याची भाकरी, ठेचा आणि भाजलेल्या वांग्याचें भरीत आलें म्हणजे लहान मुलेंहि शहरांतील बिस्किटें विसरतात.

काळ निवडतांना मात्र चूक करूं नये. शाळांना मोठी सुटी असते ती वैशाखांत, आणि वैशाखांत खानदेशचें ऊन म्हणजे शिक्षा आहे. पावसाळ्याच्या अखेरीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. दिवाळीची अथवा नाताळची सुटी त्यांत बरोबर बसते.

पहिली सहल प्रकाशें गांवची असावी. नंदुरबारहून शहाद्यास येणाऱ्या रस्त्यावरच हें गांव लागतें. गोमाई येथें तापीस मिळते. संगमावर संगमेश्वराचें, आणि तापीच्या घाटावर केदारेश्वराचें मंदिर आहे. या क्षेत्रास लोक ‘दक्षिण काशी’ म्हणतात. गुरु सिंह राशीस आला म्हणजे बारा वर्षांनीं येथें गौतमेश्वराची मोठी यात्रा भरते. सकाळच्या वेळीं घाटावर कोणी पितरांचीं कार्यें करीत असतो, कोणी स्नानास उतरलेला असतो, आणि पलीकडे होडी संथपणें सरकत असते. पात्र भरलेलें दिसतें, कारण प्रकाशें आणि सारंगखेडें या दोन्ही ठिकाणीं तापीवर आतां बंधारे आहेत.

परंतु प्रकाशें येथील सर्वांत जुनें दैवत मंदिरांत नाहीं. तें मातींत आहे. गांवच्या कांठाशीं जें पांढरीचें टेकाड आहे, तेथें पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनीं १९५५ च्या सुमारास उत्खनन केलें. वरच्या थरांत मध्ययुग, त्याखालीं सातवाहनांचा काळ, त्याहून खालीं लोखंड नव्यानेंच वापरूं लागलेले लोक, आणि अगदीं तळाशीं ताम्रपाषाणयुगांतील वस्ती, असा पुस्तकाच्या पानांसारखा क्रम तेथें निघाला. तळच्या लोकांजवळ गारगोटीच्या जातीच्या दगडाचीं बारीक पातीं होतीं आणि रंगीत नक्षीचीं मडकीं होतीं. नगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं जोर्वें गांवीं ज्या घाटाचीं भांडीं सांपडलीं, त्याच घाटाचीं येथेंहि सांपडलीं. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वींहि प्रवरेकांठच्या आणि तापीकांठच्या माणसांचें कांहीं येणेंजाणें असलें पाहिजे. मुलांनीं त्या टेकाडावर उभें राहून पायाखालीं पाहावें. तेथें खापरी दिसली तर ती हातांत घेऊन पुन्हां जागच्या जागीं ठेवावी. खिशांत घालूं नये. पुस्तकाचें पान फाडणाऱ्या मुलास जी शिक्षा शाळेंत मिळते, तिला असा मनुष्यहि पात्र आहे.

दुसरी सहल सारंगखेड्याची. हें गांवहि तापीकांठचें, शहादा आणि दोंडाईचें यांच्या दरम्यान. येथें एकमुखी दत्ताचें मंदिर आहे. दत्तमूर्ति म्हटली कीं तीन शिरें डोळ्यांपुढें येतात. येथील मूर्तीस एकच मुख आहे. मार्गशीर्षांतील दत्तजयंतीस यात्रा सुरू होते, आणि त्या यात्रेंत भरणारा घोड्यांचा बाजार साऱ्या देशांत प्रसिद्ध आहे. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात येथून व्यापारी जनावरें घेऊन येतात. मारवाडी आणि काठेवाडी जातीचे घोडे, पांढरे शुभ्र नुकरे, ठिपक्यांचे अबलख, चारी पाय आणि कपाळ पांढरें असलेले पंचकल्याणी असे नाना प्रकार एकाच ठिकाणीं पाहावयास मिळतात. गिऱ्हाईक प्रथम दांत पाहून वय ठरवितो, मग अंगावरचे भोंवरे तपासतो. गळ्याखालचा ‘देवमण’ हा भोंवरा शुभ मानला जातो. त्याच्या जोरावर मालक किंमत चढवितो. शेवटीं घोडा चालवून पाहतात. रेवाल चालीचा घोडा पाठीवर भरलेला पेला ठेवला तरी हिंदकळूं देणार नाहीं, अशी विकणाऱ्याची प्रौढी असते. ती खरी मानावी कीं नाहीं हें घेणाऱ्यानें ठरवावें. पाहणाऱ्याचा त्यांत कांहींच तोटा नाहीं.

शहरांतील मुलांनीं घोडा पाहिलेला असतो तो चौपाटीवरचा अथवा वरातींतला. येथें तो शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या आणि शौकिनाच्या घरचा माणूस असतो. आपला घोडा विकून परत जातांना दोन वेळां मागें वळून पाहणारा मालक दिसला, तर यात्रेचें सार्थक झालें असें समजावें.

मधला एक दिवस विश्रांतीचा ठेवून तालुक्यांतच दरा गांवाजवळील उनपदेव येथें जावें. सातपुड्याच्या पायथ्याशीं तेथें ऊन पाण्याचे झरे आहेत. जमिनीखालीं खोल गेलेलें पाणी तेथील उष्णतेनें तापून खडकांच्या भेगांतून वर येतें, एवढें शास्त्र मुलांना सांगावें. आणि ज्यांची तेथें श्रद्धा आहे त्यांच्यापुढें तें मोठ्यानें सांगूं नये.

आतां तोरणमाळ. या भागांत येणाऱ्या दहांपैकीं नऊ माणसें यासाठींच येतात आणि त्यांत कांहीं चूक नाहीं. अक्राणी तालुक्यांतील हें ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारें ३,७५० फूट उंच असून शहाद्याहून तें पन्नास-पंचावन्न किलोमीटर पडतें. राणीपूर सोडल्यावर शेतें संपतात आणि सागाचें रान लागतें. लक्कडकोटानंतर खरी चढण. ‘सातपायरी’ हें घाटाचें नांव त्याच्या वळणांस शोभतें. एक वळण संपलें असें वाटतें तोंच दुसरें डोक्यावर उभें असतें. पावसाळ्यांत धुकें इतकें दाटतें कीं मोटारीपुढें चार हात दिसत नाहीं. त्या वेळीं घाई करणें म्हणजे जिवाशीं खेळ आहे.

वर पोहोंचल्यावर मात्र एकदम मोकळें पठार आणि त्याच्या मध्यभागीं यशवंत तलाव. डोंगराच्या माथ्यावर इतकें पाणी असेल ही कल्पनाच खालून येणाऱ्यास नसते. जवळच कमळांचें तळें आहे. गोरक्षनाथाचें मंदिर आणि मच्छिंद्रनाथांची गुहाहि आहे. नाथपंथाचें हें जुनें ठाणें असल्यामुळें महाशिवरात्रीस खानदेश, गुजरात आणि मध्यप्रदेश येथून यात्रेकरू येतात. कित्येक तर घाट पायीं चढतात. थोड्याच अंतरावर सीताखाई आहे. जमीन एकाएकीं तुटून खालीं खोल दरी दिसते. पावसाळ्यांत तींत धबधबा कोसळतो. पलीकडच्या कड्यावर हांक मारली तर ती परत येते, आणि मुलांना तेथून हलविणें कठीण जातें.

येथवरचें वर्णन कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तिकेंत सांपडेल. पुस्तिकेंत जें नसतें तें घाटाच्या रस्त्यावर असतें. दिवाळी झाली कीं या डोंगरांतील पावरा आणि भिल्ल कुटुंबें ऊंसतोडीसाठीं आणि इतर मजुरीसाठीं खालीं उतरतात. कित्येक थेट गुजरातेंत जातात. गांठोडीं, भांडीं, कोंबड्या आणि लहान मुलें यांनीं भरलेली गाडी घाट उतरत असते, त्याच वेळीं सुटीची मौज लुटण्यास निघालेली मोटार घाट चढत असते. एकाच रस्त्यावर, एकाच महिन्यांत, एक जण हवेसाठीं वर जातो आणि दुसरा भाकरीसाठीं खालीं येतो. त्या गाडींतील मुलाचें नांव गांवच्या शाळेच्या हजेरीपटावर असतें. पट तेथेंच राहतो आणि मुलगा ऊंसाच्या फडांत जातो. वर तळ्याकांठीं बसून ‘काय शांतता आहे हो!’ म्हणणाऱ्यास ही शांतता कांहीं अंशीं रिकाम्या घरांची आहे हें ठाऊक असावें.

अक्राणीच्या रानांत गांवठी आंबा पुष्कळ आहे. उन्हाळ्यांत कच्चा आंबा सोलून, त्याच्या फोडी उन्हांत वाळवून घरोघर आमचूर करतात आणि धडगांवच्या बाजारांत विकतात. टोपलीभर कैऱ्या सोलाव्या तेव्हां थोडासा आमचूर हातीं येतो. शहरांतील स्वयंपाकघरांत चिमूटभर आमचूर घालणाऱ्या गृहिणीस त्यामागचे किती हात आहेत हें येथें कळतें. असा माल दिसला तर तो करणाऱ्या बाईकडूनच घ्यावा आणि तिच्याशीं आण्या-पैशाची घासाघीस करूं नये. मोठ्या दुकानांत जी घासाघीस करण्याचें धैर्य होत नाहीं, ती टोपलीपुढें करणें शोभत नाहीं.

सणांच्या दिवसांत येणाऱ्यांसाठीं आणखी दोन गोष्टी. दिवाळींत अस्तंभा डोंगराची यात्रा असते. ४,३०० फुटांहून उंच असलेल्या या शिखरावर अश्वत्थाम्याचें स्थान आहे. कपाळावरच्या भळभळत्या जखमेस लावण्यासाठीं तो अजून या रानांतून तेल मागत फिरतो, अशी लोकांची समजूत आहे. तरुण मंडळी भगवे ध्वज आणि वाद्यें घेऊन रात्रीच्या वेळीं शिखर चढतात. मुलांबाळांनीं त्या वाटेस जाऊं नये. आणि माणसांनीं खच्चून भरलेल्या मालवाहू गाडींतून तर कोणींच घाट चढूं नये. दुसरा सण होळीचा. अक्कलकुवा तालुक्यांतील काठी येथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. उंच बांबूचा दांडा उभारतात. नवस केलेले पुरुष अंगभर नक्षी काढून, मोरपिसांचे टोप घालून, कंबरेस घुंगूर बांधून रात्रभर ढोलावर नाचतात. हा तमाशा नव्हे, व्रत आहे. त्यासाठीं कित्येक दिवस नेम पाळलेले असतात. छायाचित्र घेण्यापूर्वीं विचारावें. देवळांत पूजा चालली असतां जो पुजाऱ्याच्या तोंडासमोर दिवा धरीत नाहीं, त्यानें येथेंहि तसें करूं नये, इतकी साधी ही गोष्ट आहे.

शेवटचे दोन दिवस ज्या स्थळांना द्यावे, त्यांचीं नांवें सहसा कोणी सुचवीत नाहीं. पहिलें स्थळ तळोदा तालुक्यांतील रावलापाणी. मोरवडच्या गुलाम महाराजांनीं या भागांतील आदिवासींत दारू सोडण्याचा आणि स्वच्छ राहण्याचा उपदेश केला. भेटणाऱ्या प्रत्येकास ‘आप’ म्हणावें, अशी त्यांची शिकवण होती. ज्यांना शतकानुशतकें सर्वांनीं ‘अरे’ म्हणूनच हांक मारली, त्यांनीं एकमेकांस ‘आप’ म्हणूं लागणें ही केवढी क्रांति! १९३८ मध्यें महाराज वारले; त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं कार्य पुढें चालविलें. २ मार्च १९४३ रोजीं रावलापाणी येथील ओढ्याच्या अरुंद वाटेंत या अनुयायांवर इंग्रज सरकारच्या शिपायांनीं गोळ्या झाडल्या. खडकांवर त्या गोळ्यांच्या खुणा दाखवितात. नंदुरबारच्या चौकांतील पांच मुलांएवढें हें नांव महाराष्ट्राच्या पाठांतरांत नाहीं.

दुसरें स्थळ मुक्कामाच्या घराजवळच आहे. शहादा तालुक्यांत वडछील, तळोदा तालुक्यांत सोमावल, अशा ठिकाणीं नर्मदेकांठच्या लोकांच्या नव्या वसाहती आहेत. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गांवांची जमीन गेली. १७ सप्टेंबर २०१७ रोजीं त्या धरणाचें लोकार्पण झालें आणि २०१९ मध्यें तें प्रथमच पूर्ण भरलें. सातपुड्याच्या पलीकडे जे डोंगरउतारावर पेरीत आणि नर्मदेंत मासे धरीत, ते आतां अलीकडे, तापीच्या सपाट खोऱ्यांत नांगर धरतात. कोणास पुष्कळ वर्षें लढून जमीन मिळाली, कोणी मिळेपर्यंत म्हातारा झाला. येथील जमिनीचा प्रश्न तर त्याहून जुना. सावकारींत गेलेल्या जमिनी परत मिळाव्या म्हणून १९७२ च्या सुमारास अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनीं शहाद्यांत आदिवासींची जी चळवळ उभारली, तिचा बोलबाला साऱ्या महाराष्ट्रांत झाला; आणि आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा त्याच दशकांत राज्यांत झाला. ज्या मळ्यांतील कडुलिंबाखालीं पाहुणा सुखानें झोंपतो, त्याच्या आसपासच्या बांधाबांधाला ही हकीकत ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, सुटीच्या दिवसांत असल्या गोष्टी कशाला? मनुष्य विसांव्यासाठीं जातो, खंत करण्यासाठीं नव्हे. हें म्हणणें अगदींच चुकीचें नाहीं. तळ्याकांठीं बसावें, घोडे पाहावे, भरीत-भाकरी खावी, मुलांना सीताखाईंत हांका मारूं द्याव्या. यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण पाहुणा म्हणून एखाद्या घरीं गेलेला मनुष्य घरच्यांची विचारपूस केल्यावांचून जेवून उठत नाहीं. आपल्याकडे त्यास उद्धट म्हणतात. हा डोंगर, ही नदी, हें रान हेंहि कोणाचें तरी घर आहे. तेथें विचारपूस करणें म्हणजे भाषण करणें नव्हे. गाडीवानाला त्याचें गांव विचारावें, आमचूर विकणारीला ‘आप’ म्हणावें, वाटेंत टाकलेले कागद आपल्या पिशवींत परत आणावे, शाळा दिसली तर मुलांना आंत नेऊन तेथील मुलांशीं चार शब्द बोलूं द्यावे. एवढ्यानें कोणाचें दैन्य सरत नाहीं. परंतु पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यांतील भिंत थोडी खालीं येते.

‘तापी व नर्मदा या पश्चिमवाहिनी नद्या होत,’ हें वाक्य प्रत्येक मुलानें भूगोलांत घोकलेलें असतें. आठ दिवस शहाद्यास राहून परतलेल्या मुलास तें वाक्य पुन्हां विचारावें. तो उत्तर देण्यापूर्वीं क्षणभर थांबला, आणि मग नद्यांच्या आधीं एखाद्या माणसाबद्दल बोलूं लागला, तर सुटी सत्कारणीं लागली असें खुशाल समजावें.